खाटेपाशी जाण्यापूर्वी : खानदेशात वैद्यक शिकणाऱ्यांसाठी

हा लेख प्रथमच वॉर्डात जाणाऱ्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आणि नुकतीच इंटर्नशिप सुरू केलेल्यांसाठी लिहिला आहे. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांच्या रुग्णालयांत येणारा रुग्ण बहुधा लांबून, दोन-दोन गाड्या बदलून, मजुरी बुडवून आणि कुणाकडून तरी उसनवारी करून आलेला असतो. २०१९च्या तुकडीपासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद यांच्यासाठी ‘एटकॉम’ हा स्वतंत्र भाग आला, हे चांगलेच झाले. परंतु तो तास संपवून प्रत्यक्ष खाटेपाशी उभे राहिल्यावर आधी काय करायचे आणि नंतर काय, हे बहुतेक जण वरच्या वर्गातल्या मुलांचे पाहूनच शिकतात, आणि ते पाहिलेले प्रत्येक वेळी बरोबर असतेच असे नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करावी. रुग्ण बरा होण्यासाठी आला आहे, आपल्याला शिकवण्यासाठी नव्हे. ‘सरकारी दवाखान्यात फुकट उपचार घेतात, मग विद्यार्थ्यांनी चार वेळा तपासले तर काय बिघडले’ हे वाक्य तुमच्या कानांवर कधी ना कधी पडेल. या वाक्याला ना कायद्याचा आधार आहे, ना वैद्यकीय परंपरेचा. रुग्ण आपल्याला पोट तपासू देतो, छातीला स्टेथोस्कोप लावू देतो, घरातल्या गोष्टी सांगतो, तो त्याचा चांगुलपणा असतो; आणि चांगुलपणा मागून घ्यायचा असतो, गृहीत धरायचा नसतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एकाच गोष्टीतून निघाल्या आहेत.

पहिली पायरी : वॉर्डात शिरताना

एप्रन धुतलेला असावा, नावाची पट्टी दिसेल अशी लावलेली असावी, नखे कापलेली असावीत आणि फोन आवाज बंद करून खिशात असावा. थेट खाटेकडे न जाता आधी सिस्टरांना विचारावे की कोणता रुग्ण पाहता येईल. कोण रात्रभर जागलेले आहे, कोणाला उपाशी ठेवले आहे, कोणाच्या घरच्यांना सकाळीच वाईट बातमी सांगितली आहे, हे केसपेपरवर लिहिलेले नसते. ते सिस्टरांना आणि वॉर्डातल्या मावशींना ठाऊक असते. जेवणाची वेळ असेल तर थांबावे. एका रुग्णाभोवती दहा-बारा जणांनी कोंडाळे करू नये, दोघे-तिघे पुरे. ज्याची प्लीहा वाढली आहे किंवा ज्याच्या हृदयाची कुरकुर ठळक ऐकू येते, अशा ‘चांगल्या केस’च्या वाट्याला हे कोंडाळे सर्वांत जास्त येते आणि परीक्षेच्या दिवसांत तर त्या माणसाला दुपारची झोपसुद्धा मिळत नाही. आपल्या आधी किती जणांनी तपासले हे त्यालाच विचारावे, आणि आकडा ऐकून स्वतःच्या मनाने मागे फिरावे लागले तरी फिरावे.

दुसरी पायरी : आपण कोण आहोत हे सांगणे

‘मी अमुक, मी अजून शिकतो आहे, तुमच्यावर उपचार करणारे डॉक्टर वेगळे आहेत, मला तुमच्याशी बोलायचे आहे आणि तपासायचे आहे, चालेल का?’ एवढे बोलायला अर्धे मिनिट लागत नाही. एप्रन घातलेला प्रत्येक जण रुग्णाच्या दृष्टीने डॉक्टरसाहेब असतो आणि त्या गैरसमजाचा फायदा घेणे ही फसवणूक आहे, भले ती कुणाच्या लक्षात येवो न येवो. रुग्ण नाही म्हणाला तर ‘बरं’ म्हणून पुढे जावे. त्याच्या उपचारात त्यामुळे तसूभर फरक पडणार नाही, हेही त्याला सांगावे, कारण तीच भीती त्याच्या मनात असते.

अहिराणी येत असेल तर जरूर बोलावी. ‘कथा दुखस?’, ‘मी आजून शिकी राह्यनू’ एवढ्यानेही माणूस सैल होतो आणि जे ‘साहेबांच्या’ मराठीत सांगितले नसते ते सांगतो. मात्र मोडकीतोडकी बोलून गंमत करू नये. रावेर-यावलकडची लेवा बोली, शिरपूर-चोपड्याच्या डोंगरातली पावरी, नवापूरकडची मावची, अक्कलकुवा-धडगावकडची भिलोरी, या सगळ्या कुणालाच येत नाहीत, आणि येत नाहीत हे मान्य करून दुभाष्या शोधणे हेच प्रामाणिकपणाचे. सातपुड्यातला म्हातारा डॉक्टरला ‘तू’ म्हणतो. त्यात अनादर नसतो, त्याच्या बोलण्याची रीतच तशी असते. आपण मात्र त्याला ‘तू’ म्हणून, वर दरडावून बोललो तर तो अनादरच असतो, कारण शहरातल्या वयस्क माणसाशी आपण तसे बोलत नाही. बाबा, आजी, माय, अक्का, दादा, भाऊ यांतले वयाला शोभेल ते संबोधन वापरावे. खाट क्रमांकाने किंवा आजाराच्या नावाने कुणालाही हाक मारू नये. ‘बारा नंबरची सिरॉसिस’ हे राउंडवर सर्रास ऐकू येते, आणि बारा नंबरवरचा माणूस ते ऐकत असतो.

दुभाष्या कोण असावा, याला महत्त्व आहे. आशाताई, परिचारिका किंवा त्याच बोलीची मावशी असेल तर उत्तम. पाळी, गर्भपात, मारहाण, दारू, लैंगिक आजार यांविषयी विचारायचे असेल तेव्हा नवरा, सासू किंवा शाळेत जाणारा मुलगा यांना दुभाष्या करू नये. बाईच्या अंगावरच्या जखमेविषयी नवऱ्याच्या तोंडून मिळालेली माहिती ही तिची माहिती नव्हे.

तिसरी पायरी : अंगाला हात लावण्याआधी

पडदा ओढावा. पडदा नसेल तर चादर धरायला कुणाला तरी सांगावे, किंवा ती तपासणी तिथे करूच नये. जेवढा भाग तपासायचा तेवढाच उघडा करावा आणि झाल्यावर स्वतःच्या हाताने झाकावा. काय करणार आहोत हे आधी सांगावे आणि दुखले तर थांबेन असे म्हणून खरोखर थांबावे. हात गार असतील तर चोळून घ्यावेत, हे सांगावे लागू नये. स्त्री रुग्णाला पुरुष विद्यार्थ्याने तपासताना परिचारिका किंवा दुसरी स्त्री हजर असलीच पाहिजे.

स्तन, गुदद्वार आणि योनिमार्गाची तपासणी विद्यार्थ्याने वरिष्ठांच्या उपस्थितीशिवाय करू नये, आणि रुग्णाने त्या विशिष्ट तपासणीला होकार दिलेला असल्याशिवाय तर मुळीच नाही. शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेल्या स्त्रीची तपासणी ‘शिकण्यासाठी’ करायची असेल तर तिची परवानगी भूल देण्याआधी, ती शुद्धीत असताना घेतलेली हवी. तशी घेतलेली नसेल तर हात जोडून ‘सर, यांची परवानगी घेतलेली नाही’ असे म्हणावे आणि मागे सरकावे. बलात्कारपीडितेच्या तपासणीत ‘दोन बोटांची चाचणी’ करणे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्त्रीच्या प्रतिष्ठेचे उल्लंघन ठरवले आणि २०२२ मध्ये ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल असे स्पष्ट केले. जुन्या छापील नमुन्यात तो रकाना अजून कुठे आढळला तर तो भरायचा नसतो.

चौथी पायरी : संमती म्हणजे सही नव्हे

इथे जरा थांबून लिहितो, कारण इंटर्नच्या हातात पहिल्याच आठवड्यात संमतीपत्रांचा गठ्ठा दिला जातो आणि ‘सह्या घेऊन ये’ असे सांगितले जाते. सही किंवा अंगठा हा संमतीचा पुरावा आहे. संमती त्याच्या आधी बोलण्यातून मिळालेली असते किंवा मिळालेली नसते.

समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्याचा २००८चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी वाचावा. ४४ वर्षांच्या एका स्त्रीने दुर्बिणीतून निदान करण्यासाठी संमती दिली होती. ती भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि बीजांडकोश काढण्यात आले. रुग्ण सज्ञान होती, प्रसंग जिवावरचा नव्हता, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते. म्हणून आईची संमती चालणार नाही आणि निदानाला दिलेली संमती शस्त्रक्रियेला लागू होणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. उपचाराचे स्वरूप, त्याचा हेतू, फायदे, इतर पर्याय, महत्त्वाचे धोके आणि उपचार न घेतल्यास काय होईल, एवढे रुग्णाला समजेल अशा रीतीने सांगितले पाहिजे, हेही त्याच निकालात आहे.

आता हे आपल्याकडे कसे घडते ते पाहू. शहाद्याकडचा एक शेतकरी हर्नियासाठी दाखल आहे असे समजा. तुम्ही सगळे समजावून सांगता आणि तो म्हणतो, ‘तुम्ही सांगाल तसं, डॉक्टरसाहेब, तुम्ही देवमाणूस.’ हा विश्वास आहे, पण ही संमती नव्हे. अशा वेळी त्यालाच विचारावे : ‘बाबा, आता घरी गेल्यावर आजीला काय सांगाल, काय करणार आहेत म्हणून?’ तो जे सांगेल त्यावरून त्याला काय कळले ते आपल्याला कळते. ‘पोट फाडून आतडं काढणार’ असे उत्तर आले तर पुन्हा पहिल्यापासून, या वेळी कागदावर चित्र काढून. वाळवणाच्या दोरीची गाठ निसटावी तसा निसटलेला भाग आत सारून जाळीने आधार देणार, असे काही त्याच्या ओळखीचे बोलावे. दोन वेळा सांगून झाले तरी चिडू नये. आपल्याला ते पाठ करायला एक वर्ष लागले होते.

बाईच्या शस्त्रक्रियेसाठी नवऱ्याची किंवा सासऱ्याची सही घ्यायची पद्धत इतकी रुळली आहे की अनेक इंटर्न ती कायद्याची अट समजतात. सज्ञान आणि शुद्धीत असलेल्या स्त्रीची संमती तिची स्वतःची असते. गर्भपाताच्या कायद्यानेही सज्ञान स्त्रीच्या बाबतीत तिच्या एकटीच्या संमतीची अट घातली आहे, नवऱ्याच्या नाही. घरच्यांना विश्वासात घ्यावे, चर्चेत बसवावे, कारण खर्च आणि सेवा तेच करणार आहेत. पण पेन तिच्या हातात द्यावे. अंगठा घेताना बाहेरचा एक साक्षीदार असावा, आणि कोणत्या बोलीत, कोणाच्या मदतीने समजावले तेही लिहून ठेवावे.

रुग्ण बेशुद्ध आहे, जिवावर बेतले आहे आणि सोबत कुणी नाही, अशा वेळी संमतीची वाट पाहायची नसते. धुळ्यात मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन्ही महामार्ग एकमेकांना भेटतात, त्यामुळे असे रुग्ण तुम्हाला कॅज्युअल्टीत, म्हणजे अपघात विभागात, नक्की दिसतील. जखमी माणसाला पोलिसांची औपचारिकता पूर्ण होण्याची वाट न पाहता आधी उपचार देणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच सांगितले आहे. आधी श्वासमार्ग, मग कागद.

पाचवी पायरी : ऐकलेले पोटात ठेवणे

खानदेशातल्या तालुक्याच्या गावी प्रत्येक जण कुणाचा तरी पाहुणा असतो. लिफ्टमध्ये, चहाच्या टपरीवर, परत जाताना एसटीत तुम्ही मित्राला सांगितलेली ‘इंटरेस्टिंग केस’ मागच्या बाकावरच्या माणसाच्या भाचीची असू शकते. नाव घेतले नाही तरी गाव, वय आणि आजार एवढ्यावरून ओळख पटते.

सिकलसेलचे उदाहरण घ्या. नंदुरबार जिल्ह्यात आणि एकूण सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. १ जुलै २०२३ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानामुळे तपासण्याही वाढल्या आहेत. वाहक व्यक्ती, म्हणजे जिला आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच दोष मिळाला आहे ती, बहुधा ठणठणीत असते, पण आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला पूर्ण आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्नाआधी समुपदेशन करतात. आता समजा, एका मुलीचा वाहक असल्याचा अहवाल शिबिरातल्या एका विद्यार्थ्याने तिच्या भावी सासरच्या ओळखीच्या माणसाला, ‘चांगल्या हेतूने’, सांगितला. लग्न मोडते, त्या मुलाची तपासणी कुणी केलेलीच नसते, आणि दोष कायमचा तिच्या कपाळी बसतो. माहिती तिची होती. ती कुणाला, केव्हा आणि कशी सांगायची हे तिने समुपदेशकाच्या मदतीने ठरवायचे होते. शिबिरात अहवाल सगळ्यांसमोर नाव घेऊन वाटण्याची घाई करतात, तिथे निदान आपण तरी एकेकाला बाजूला बोलवावे.

एचआयव्हीच्या बाबतीत तर स्वतंत्र कायदाच आहे. २०१७चा हा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि संमतीशिवाय स्थिती उघड करता येत नाही. जोडीदाराला सांगण्याची तरतूद त्यात आहे, पण ती उपचार करणाऱ्या डॉक्टरने किंवा समुपदेशकाने, ठरवून दिलेल्या रीतीने वापरायची आहे, विद्यार्थ्याने नव्हे. केसपेपरच्या दर्शनी भागावर लाल शाईत आजार लिहिणे, खाटेवर पाटी लावणे, हे आजही कुठे कुठे दिसते आणि ते बंद झालेच पाहिजे.

गुप्ततेला अपवाद आहेत. न्यायालयाचा आदेश, एखाद्या निश्चित व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका आणि कळवणे बंधनकारक असलेले रोग, हे ते अपवाद. डॉक्टरांसाठीच्या २००२च्या आचारसंहितेत ते नमूद आहेत. क्षयरोग २०१२ पासून कळवणे बंधनकारक आहे. कळवायचे ते शासकीय यंत्रणेला, गावच्या सरपंचाला किंवा कारखान्याच्या मुकादमाला नव्हे.

फोनविषयी एकच सांगतो, कारण बाकीचे तुम्हाला माहीत आहे. रुग्णाचा फोटो, एक्स-रे, अहवाल बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये. वरिष्ठांचे मत घेण्यासाठी पाठवणे गरजेचेच असेल तर रुग्णाला सांगून, चेहरा आणि नाव वगळून, त्या एकाच डॉक्टरला पाठवावे आणि काम झाल्यावर पुसून टाकावे. शस्त्रक्रियागृहातला सेल्फी, मागे टेबलावर माणूस झोपलेला असताना, ही गोष्ट मला आजवर समजलेली नाही.

सहावी पायरी : विषबाधेचा रुग्ण

कापसाच्या पट्ट्यात पावसाळा सुरू झाला की कीटकनाशकाच्या विषबाधेचे रुग्ण येऊ लागतात. काहींना फवारताना बाधा झालेली असते, काहींनी प्यालेले असते, आणि सोबतचे लोक दोन्ही वेळा ‘फवारताना लागलं’ असेच सांगतात. त्यांच्यावर खोटे बोलल्याचा आरोप करत बसू नये. आपल्याला हवे असते ते औषधाचे नाव, साधारण प्रमाण आणि वेळ. ‘पोलिसांसाठी नाही, उपचारासाठी विचारतो’ असे सांगून घरच्यांपैकी एकाला डबा किंवा बाटली आणायला पाठवावे. ऑर्गॅनोफॉस्फेट या गटातले कीटकनाशक असेल तर कपड्यांना उग्र वास येतो, तोंडातून लाळ वाहत असते, बाहुल्या आकसून टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात. भिजलेले कपडे कापून काढावेच लागतात, अंग धुवावे लागते. हे सगळे भर कॅज्युअल्टीत, शंभर डोळ्यांसमोर चालू असते, म्हणून पहिली चादर मागवण्याचे काम विद्यार्थ्याने स्वतःकडे घ्यावे. ॲट्रोपीन हा उतारा किती द्यायचा ते रेसिडेंट डॉक्टर ठरवील.

एमएलसीची, म्हणजे न्यायवैद्यक प्रकरणाची, नोंद होते, ती वैद्यकीय अधिकारी करतात. परंतु रुग्णाला ‘आता तुझ्यावर केस होणार’ असे धमकावण्याला कसलाच आधार नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्यावर त्याबद्दल खटला चालवायचा नसतो. ती शुद्धीवर आल्यावर, नातेवाइकांना बाहेर पाठवून, मानसोपचार विभागाची भेट होईपर्यंत कुणीतरी तिच्यापाशी बसलेले असावे. बोधप्रद भाषण करू नये. कर्ज, सासुरवास, दारू, पीक गेलेले, यांपैकी काहीही तुमच्या भाषणाने सुटणार नाही. ऐकून घेतल्याने निदान खरी हकीकत कळते.

सातवी पायरी : अठरा वर्षांखालील गरोदर मुलगी

खानदेशात प्राथमिक आरोग्य केंद्रात पोस्टिंग झाली की हा प्रसंग येतोच, आणि त्याची तयारी आधी असावी. सोळा-सतरा वर्षांची, गळ्यात मंगळसूत्र असलेली मुलगी सासूबरोबर तपासणीला येते. मुलांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीने लैंगिक संबंधांना दिलेली संमती ग्राह्य धरली जात नाही. लग्न झालेले असले तरी फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. अशी माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणे कलम १९ नुसार बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे.

मग होते असे की वय लिहिताना सर्रास ‘१८’ लिहिले जाते. सगळेच सुटतात, फक्त त्या मुलीची जोखीम नोंदीतून नाहीशी होते. सतराव्या वर्षीची प्रसूती, त्यात रक्ताची कमतरता, हे केंद्राला ठाऊक असायला हवे होते, आणि कागदावर ती ‘१८, सर्वसाधारण’ झालेली असते. खोटे वय लिहू नये, कुणी सांगितले तरी. विद्यार्थ्याने किंवा इंटर्नने स्वतः पोलिसांकडे धावू नये. वैद्यकीय अधिकाऱ्यांना लगेच सांगावे. मुलीला कळवण्याविषयी आधी, एकटीला, तिच्या भाषेत सांगावे, आणि तपासणी, गोळ्या, सोनोग्राफी यांतले काहीही त्या कारणाने अडवू नये. ती घाबरून पुन्हा आलीच नाही, घरीच बाळंत झाली, तर आपण कायदा पाळून तिला गमावले असे होईल. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीच्या बाबतीत, तिने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास, कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे. ही तरतूद फारच थोड्यांना माहीत असते.

गर्भलिंगाविषयी मात्र सांगण्यासारखे फार नाही. १९९४च्या कायद्याने ते सांगणे गुन्हा आहे. शब्दाने, खुणेने, पेढा की जिलेबी अशा इशाऱ्यानेही.

आठवी पायरी : जे येत नाही ते न करणे, आणि जे केले ते लिहिणे

इंटर्नला काम शिकायचेच असते. सलाइन लावणे, टाके घालणे, प्रसूती करणे हे माणसांवरच शिकले जाते. त्यासाठी क्रम असा : आधी पाहायचे, मग मॉडेलवर करायचे, मग वरिष्ठ शेजारी उभे असताना रुग्णाला सांगून करायचे. दोनदा शीर सापडली नाही की तिसऱ्यांदा दुसऱ्याला बोलवायचे; लहान मुलाच्या बाबतीत त्याहूनही आधी. इंटर्नला स्वतःच्या सहीने मृत्यूचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र किंवा न्यायवैद्यक कागद देता येत नाही, आणि रात्री दोन वाजता कुणी कितीही घाई केली तरी तो देऊ नये.

जे पाहिले तेच केसपेपरवर लिहावे. रक्तदाब न मोजता कालचाच आकडा उतरवणे हा आपल्याकडचा सर्वांत रुळलेला खोटेपणा आहे आणि त्याने माणसे दगावतात. चुकलेल्या ओळीवर एक रेघ मारून शेजारी सही आणि वेळ घालावी. खाडाखोड करू नये, पान फाडू नये. दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या असतात आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास ७२ तासांच्या आत द्यायच्या असतात, हे २००२च्या आचारसंहितेत आहे. ‘फाइल मिळणार नाही’ असे परस्पर सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.

उपचारात कुणाचीही चूक झाली, चुकीचे इंजेक्शन गेले, रिपोर्ट अदलाबदल झाला, तर पहिल्या पाच मिनिटांत वरिष्ठांना कळवावे. लपवण्यात जाणारा वेळ रुग्णाच्या आयुष्यातून जातो. काय घडले ते रुग्णाला सांगण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्या वरिष्ठ डॉक्टरांची, पण तिथे हजर राहावे. कसे सांगतात ते पुस्तकात नाही. आणि वरिष्ठच चुकत असतील तर? रुग्णासमोर वाद घालू नये, बाजूला घेऊन प्रश्नाच्या रूपात विचारावे : ‘सर, यांना पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली आहे, तरी द्यायचे का?’ बहुतेक वेळा एवढ्याने काम होते. होत नसेल तर विभागप्रमुख आहेत. वर्षभराची टर्म अडवली जाण्याची भीती खरी असते, ती नाही असे मी म्हणणार नाही, पण धोका रुग्णाच्या जिवाला असेल तेव्हा तिचा विचार नंतर करावा.

नववी पायरी : वाईट बातमी आणि घरी जाणे

तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण आपल्याकडे खूप. मुलगा दारातच अडवतो : ‘बाबांना सांगू नका, खचून जातील.’ त्याच्यावर रागावू नये, तो प्रेमापोटीच बोलतो. पण आजार बाबांचा आहे. बाबांनाच विचारावे की रिपोर्टविषयी त्यांना किती जाणून घ्यायचे आहे, आणि मुलाला ते विचारणार आहोत हे आधी सांगावे. काही जण म्हणतात, ‘पोराला सांगा, मला नको’. तोही त्यांचा निर्णय असतो. अनेकांना आधीच कळलेले असते. निदान सांगण्याचे काम विद्यार्थ्याने करू नये. ‘मला माहीत नाही’ असे खोटेही बोलू नये. ‘मोठे डॉक्टर संध्याकाळी तुमच्याशी बोलणार आहेत, मी त्यांना आठवण करतो’ असे म्हणावे, आणि खरोखर आठवण करावी.

दिवाळीनंतर सातपुड्यातली कुटुंबे ऊसतोडीला गुजरातकडे निघतात आणि होळीला परततात. उपचार अर्धवट सोडून जाणाऱ्यांत ती पुष्कळ असतात. ‘डामा’च्या, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध जात असल्याच्या, कागदावर अंगठा घेऊन, वर दोन शब्द सुनावून मोकळे होण्याची पद्धत मला मान्य नाही. रुग्णाला जाण्याचा हक्क आहे. आपले काम एवढेच की का जायचे आहे ते विचारणे, गेल्यास काय धोका आहे ते समजेल असे सांगणे, शक्य तेवढ्या गोळ्या बरोबर देणे, आणि जिथे जाणार तिथल्या दवाखान्यात दाखवता येईल असा स्वच्छ अक्षरातला कागद हाती देणे. भगताकडे जाऊन आला असेल तर तेही हिणवल्याशिवाय विचारून घ्यावे. तिथे कोणती जडीबुटी पोटात गेली हे कळणे कधी कधी निदानापेक्षा गरजेचे असते.

घरी जाणाऱ्या रुग्णाला औषधे देताना चिठ्ठीवर जेनेरिक नाव वाचता येईल असे लिहावे. औषध कंपनीच्या प्रतिनिधीने दिलेले पेन, जेवण, प्रवास काहीच घेऊ नये. डॉक्टरांना अशा भेटवस्तू आचारसंहितेने मना केल्या आहेत आणि ती सवय विद्यार्थिदशेतच लागते. रुग्णाने आणलेल्या केळ्यांच्या फणीला काय करायचे, हा प्रश्न रावेरकडच्या रुग्णांमुळे आपल्याकडे नेहमी पडतो. ती वॉर्डात सगळ्यांना वाटून टाकावी, पैसे मात्र कधीही घेऊ नयेत. ज्याला वाचता येत नाही त्याच्या पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून सकाळ-रात्र दाखवावी, कोणती गोळी कधी ते त्याच्याकडून एकदा वदवून घ्यावे, आणि पुढच्या तपासणीची तारीख त्याच्या गावच्या आठवडे बाजाराच्या दिवशी येते का ते विचारावे, कारण त्या दिवशी पाड्यावरून खाली यायला गाडी मिळते.